गोजराचं वायफाय आणि कमळीचे कान

ऐरोली गावात लग्न ठरलं की पहिला निरोप हॉलवाल्याला जातो, दुसरा डीजेवाल्याला आणि तिसरा कमळीला. कमळीला विचाराल तर पहिला निरोप तिलाच येतो, बाकीचे दोघे नंतरचे. आपण तिचंच खरं धरू, कारण कमळी धवलारीण आहे. आगरी लग्नात मांडवाला उंबराची फांदी लावण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला गाणं लागतं. त्या गाण्यांना धवले म्हणतात आणि ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. ती एक ओळ म्हणते, मागच्या बायका तीच ओळ उचलतात, मग ती पुढची म्हणते. डीजे बिघडला तरी लग्न लागतं. धवलारीण आली नाही तर मात्र हळदीच्या वाटीला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

कमळी साठी ओलांडलेली, बुटकी, गोल तोंडाची. चालताना पदर कमरेला खोचलेला आणि तोंड कायम पुढच्या लग्नाच्या गोष्टीत. गेल्या काही वर्षांत तिच्या आवाजाला धार चढली असं सगळं गाव म्हणू लागलं होतं. रबाळ्याची तरुण धवलारीण पुतळा माइक लावून गाते, तिचे व्हिडिओही फिरतात. पण कमळी माइकशिवाय गाते आणि गावाबाहेरच्या सेक्टरपर्यंत ऐकू जाते. "वय वाढतंय तसा आवाज वाढतोय," बायका कौतुकानं म्हणायच्या. कमळी मान डोलवायची.

खरं कारण तिला एकटीलाच ठाऊक होतं. तिला ऐकू येईनासं झालं होतं. स्वतःचा आवाज स्वतःपर्यंत पोचेना, म्हणून ती तो चढवत गेली, इतकंच.

आधी कुकरची शिट्टी गेली. कमळीनं दोष कुकरला दिला. दुरुस्तीवाल्याला दोनदा फैलावर घेतलं, शिट्टी बदलून आणली, तरी मेली वाजेना. एक दिवस डाळीचा कोळसा झाला आणि शेजारची सून धावत आली.

"काकी, किती शिट्ट्या झाल्या! ऐकू नाही आल्या?"

"माजं ध्यान गान्यान व्हतं," कमळी म्हणाली, आणि वास मारणाऱ्या त्या डाळीपुढे बसून बळंच एक धवला गुणगुणली.

त्या दिवसापासून ती माणसांच्या तोंडाकडे बघून बोलायला लागली. ओठ वाचायची तिला फार लवकर सवय झाली. गाताना मागच्या बायकांची ओळ संपली की नाही हे कळायला ती अर्धवट वळून बसायची आणि त्यांची तोंडं मिटली की पुढची ओळ घ्यायची. त्या वळून बसण्याला सगळे 'कमळीचा ढंग' म्हणायचे. पुतळासुद्धा आता तशी वळून बसते म्हणे. तिचे कान ठणठणीत आहेत, तरीही.

एवढं सगळं झाकायचं ते एका हळदीसाठी. शेजारच्या गोजराच्या लेकीचं, उन्नतीचं लग्न ठरलं होतं. आयुष्यातला पहिला धवला कमळीनं गोजराच्याच हळदीत म्हटला होता. त्या दिवशी कमळीच्या सासूचा घसा बसला आणि सासूनं नव्या सुनेला पुढे ढकललं. आता गोजराच्या लेकीची हळद आपल्याला मिळाली नाही तर इतकी वर्षं गायलो कशाला, असं तिला वाटायचं. धवलारणीला ऐकू येत नाही हे फुटलं असतं, तर पुतळाला निरोप जायला वेळ लागला नसता.

मग कमळीनं ठरवलं, गुपचूप कानाचं मशीन शोधायचं.

फोन होता. उरणला दिलेली लेक, जागृती, हिनं आणून दिलेला. पण कमळीचं घर एकमजली, आणि चारी बाजूंनी गोजरासारख्यांच्या चार मजल्यांच्या इमारती. फोनचं नेटवर्क त्या खळग्यात उतरायचंच नाही. उतरायचं ते गोजराचं वायफाय, आणि तेही थेट कमळीच्या ओट्यावरून घरात.

ते वापरण्यात कमळीला काही वावगं वाटलं नाही. का वाटावं? गोजराच्या दारातली बावडी पूर्वी अख्ख्या गल्लीची होती. ज्याला लागेल त्यानं यावं, हंडा भरावा, जावं. आता बावडीवर स्लॅब पडलाय, त्यावर तिच्या मुलाची, अंकुरची बाइक उभी असते. पण गोजराचा हात तसाच मोकळा आहे. गणपतीत तिनं आल्यागेल्याला वायफायचा पासवर्ड वाटला. वाटायची तशी गरजही नव्हती. पासवर्ड होता 'एकवीरा'. ज्या गावात प्रत्येक घराची कुलदेवी एकच, तिथे तो पासवर्ड पहिल्या फटक्यात ओळखायला कुणाला हुशारी लागत नाही.

गोजराची सून रुतिका माहेरची नावड्याची, ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरीला. तिनं सासूला समजावलं होतं, "आई, असा पासवर्ड म्हणजे दार उघडं टाकून वर देवीचा फोटो लावल्यासारखं आहे."

"मंग? देवीचा फोटो बगून चोर आत येल का?" गोजरा म्हणाली होती.

विषय तिथंच संपला.

तर कमळी दुपारी दार लावायची, खिडकी लावायची, पडदा ओढायची. टाइप करणं जमायचं नाही, म्हणून फोनवरचं माइकचं चित्र दाबून आपल्या मते कुजबुजायची, "कानाचं मशीन दाखव." मग मशिनं यायची. कानामागे बसणारी, कानात बसणारी, शेंगदाण्याएवढी. ती एकेक बघायची. केसांत लपेल असं कुठलं, पदराआड जाईल असं कुठलं. दार बंद आहे, खिडकी बंद आहे, फोन आपल्या मुठीत आहे, याहून जास्त लपून माणसानं काय करावं?

पंधरवडाभरात गोजराच्या घरात भांडण पेटलं.

कमळीनं ते ओट्यावरून पाहिलं. पाहिलं म्हणायचं, कारण ऐकू फारसं आलं नाही. गोजरा तशीही भांडखोर म्हणूनच प्रसिद्ध. फोनवर बोलली तर पलीकडच्याला फोनची गरज पडू नये. टीव्ही असा लावायची की गल्लीतल्या कुठल्याच बाईला मालिकेचा भाग चुकायचा नाही. हाक मारली तर आधी "काय?" असं खेकसायची, मग ओळख द्यायची. त्या दिवशी तर तिचे हात वाऱ्यावर होते. समोर रुतिका उभी होती, रडवेली.

थोड्या वेळानं रुतिकाच कमळीच्या ओट्यावर येऊन बसली. कमळीनं पाट सरकवून तिच्या बरोबर समोर घेतला, तोंड दिसेल असा.

"काय जालं गो बाय?"

"काकी, आईंच्या फोनवर कानाच्या मशिनच्या जाहिराती येतायत. व्हिडिओ लावला की जाहिरात. टीव्हीवर काही लावलं की तीच. 'कमी ऐकू येतं? लाजू नका!' अंकुरच्या फोनवर तर आलं, 'आईला द्या ऐकण्याची भेट.' आणि आईंना वाटतंय, मीच लावल्यात त्या जाहिराती."

कमळीला आपली बंद खिडकी आठवली. तोंडावर मात्र काही दिसू दिलं नाही. तेवढं तिला जमतं.

"तू कशाला लावशील?"

"मी कंप्यूटरवर काम करते ना! परवा मी फक्त म्हटलं होतं, आई, टीव्हीचा आवाज जरा कमी करा. त्यावरूनच त्यांनी जोडलं असेल. 'सून मना बहिरी ठरवते, उद्या आंधळी ठरवल, परवा घराबाहेर काढल.' लग्नघर आहे, बायका येतायत जातायत, सगळ्यांसमोर." रुतिकानं डोळे पुसले. "मी उद्या नावड्याला जाते. लग्नाला येईन पाहुण्यासारखी."

"पन मंग... त्या जाहिराती येतात कशा?" कमळीनं विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवेना.

रुतिकाला कामाचा विषय मिळाला की तिचं रडू थांबतं. "आपल्या वायफायवरून दुसरं कुणीतरी ते मशीन शोधतंय. एका वायफायवरचे सगळे फोन बाहेरून एकाच घरातले दिसतात, एकाच पत्त्यावरचे. जाहिरातवाल्यांना वाटतं, या घरात कुणालातरी मशीन हवंय. मग ते घरातल्या सगळ्यांच्या मागे लागतात."

"शोधनाऱ्याचं नाव कळतं त्यांना?"

"या जाहिरातींत नाव नाही येत. कसं सांगू? घरात सुकट भाजली तर कुणी भाजली ते बाहेर कळत नाही. पण या घरात सुकट आहे हे अख्ख्या गल्लीला कळतं की नाही?"

कमळीनं मान हलवली. दार, खिडकी, पडदा सगळं लावून आपण सुकट भाजत होतो, आणि वास गोजराच्या स्वयंपाकघरात जात होता.

"आणि नाव कळायचंच असेल तर तेही कळेल," रुतिका पुढे म्हणाली. "अंकुरच्या फोनमध्ये आपल्या राउटरचं ॲप आहे. कुठल्या फोननं कुठली साइट उघडली ते त्यात दिसतं. आत काय वाचलं ते नाही दिसत, पण दारावरची पाटी दिसते. मी त्याला म्हटलं, नको बघू. लोकांनी विश्वासानं वापरलंय, ते उघडून बघणं म्हणजे कुणाच्या घरात डोकावणं. पण आई ऐकतच नाहीत. म्हणाल्या, मग तूच आहेस म्हणून नको म्हणतेस. आता तो संध्याकाळी कामावरून आला की बघणार."

रुतिका कपडे भरायला गेली आणि कमळी ओट्यावर तशीच बसून राहिली. तिला उन्नतीची आठवण आली. मागे उन्नतीनं कमळीचा फोन हॉलच्या स्पीकरला जोडून दिला होता, तेव्हा ती हसली होती. "काकी, तुमचा फोन स्वतःचं नाव सांगतो. हे बघा, 'कमळी धवलारीण'!" जागृतीनं आईचा मान म्हणून हौसेनं ते नाव घातलं होतं. त्या दिवशी कमळीनं ते चारचौघांना दाखवलंही होतं. आता संध्याकाळी अंकुरच्या फोनवर ओळीनं येणार: कमळी धवलारीण, कानाचं मशीन. कमळी धवलारीण, कानाचं मशीन. धवल्याच्या ओळीसारखं, पुन्हा पुन्हा.

फोन बावडीत टाकावा असं तिच्या मनात आलं. पण बावडीवर स्लॅब होता, आणि स्लॅबवर अंकुरची बाइक.

मग दुसरा विचार आला, आणि तो काही केल्या जाईना. गप्प बसून आपली हळद वाचेलही कदाचित, अंकुर विसरेल, ॲप बिघडेल. पण पोर बॅग भरतेय. भावजय निघून गेलेल्या घरात उन्नतीच्या हळदीला आपण काय तोंडानं गायचं?

कमळीनं पदर खोचला आणि गोजराकडे निघाली.

दिवाणखान्यात लग्नाचे तांदूळ निवडायला बायका बसल्या होत्या. मध्यभागी राहीबाई. राहीबाईच्या कानावर दुपारी पडलेली गोष्ट संध्याकाळी रबाळ्यात पोचते, थेट पुतळाच्या दारात. कमळीनं तिच्याकडे न बघता गोजराला स्वयंपाकघरात ओढलं. तिथं मिरच्या भाजत होत्या. गोजरानं ठसक्यामुळे नाकातोंडावर पदर धरला होता, त्यामुळे कमळीला तिचे ओठच दिसेनात. तरी तिनं धीर केला आणि हळू आवाजात, खरोखर हळू आवाजात, सांगितलं.

"गोजरे, रुतिकाचा काय दोष नाय. ते मशीन मी शोधत व्हते."

"शिनमा?" गोजरा पदराआडून म्हणाली. "लग्नाची कामं सोरून कनचा शिनमा?"

कमळीला यातलं 'लग्न' तेवढं कळलं. "लग्नाचं नाय गो. कानाचं! कानाचं!"

"पानाचं? डबा हाय ना थय. घे."

"कुनाचा डबा?"

"काय?"

"आं?"

 मिरच्या करपल्या. कमळीला वाटलं, गोजरा मुद्दाम छळतेय. गोजराला वाटलं, कमळी मुद्दाम पुटपुटतेय. शेवटी कमळीचा संयम सुटला. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि हळदीच्या मांडवात घेते त्या पट्टीत, त्याच हेलात, ओरडली,

"गोजरे, मना आयकू येत नाय गो...!"

आणि बाहेर तांदूळ निवडणाऱ्या बायकांनी, इतक्या वर्षांची सवय, मान वर न करता ती ओळ उचलली.

"मना आयकू येत नाय गो..."

दुसऱ्यांदा म्हणताना त्यांच्या लक्षात आलं की हा धवला नव्हे. हात सुपात थांबले. राहीबाईचं तोंड उघडं ते उघडंच. रुतिका बॅग सोडून दारात येऊन उभी राहिली.

कमळीनं डोळे मिटून घेतले. झालं. आता लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून तिनं उरलेलंही सांगून टाकलं, त्याच पट्टीत. कुकर, डाळ, बंद खिडकी, गोजराचं वायफाय, शेंगदाण्याएवढं मशीन. "पोरीला बोल लावू नकोस. सुकट मी भाजली," असंही म्हणाली, जे रुतिकाशिवाय कुणालाच कळलं नाही.

डोळे उघडले तेव्हा गोजरा गॅसजवळच्या स्टुलावर बसली होती. तिनं तोंडावरचा पदर काढला होता.

"मना पन," गोजरा म्हणाली.

"काय?"

"मना पन नाय आयकू येत!" गोजरा आता गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली. "मना वाटलं, या पोरीनं वळखलं. म्हनून जाहिराती धाडते. खोटी असती जाहिरात तर मी हसले असते गो. खरी व्हती म्हनून तर चिडले!"

दारात रुतिका आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. "आई, मी टीव्हीचा आवाज कमी करा म्हटलं, तेव्हाच सांगायचं ना."

"तू कवा बोललीस?" गोजरानं विचारलं. "मना तर वाटलं, तू चॅनेल बदल बोललीस. म्हनूनच राग आला."

मिरच्यांचा धूर बाहेर घालवायला खिडक्या उघडल्या गेल्या. पण राहीबाई राहीबाईच. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि मुद्द्याचं बोलली. "सगलं खरं, पन आता हळदीचं काय? धवलारणीला आयकू येत नसंल तर मागच्या बायका नि ती, मेळ कसा बसायचा? पुतळाला सांगून ठेवावं का?"

कमळीनं हे ओठांवरून वाचलं. अक्षर न् अक्षर. नेमकं हेच वाचायला लागू नये म्हणून तिनं एवढे दिवस काढले होते.

गोजराला ते ऐकू आलं नव्हतं. "काय बोलते ती?" रुतिकानं सासूच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं. गोजरा ताडकन उठली.

"पुतळा? ती त्या माइकान पुटपुटते, मना त्यातला शबुद कळत नाय. मागल्या साली भावकीतल्या हळदीला चार घटका बसले तिच्यासमोर, मना वाटलं बाई जेवते हाय!" मग ती कमळीकडे वळली आणि आवाज खाली आणायचा तिनं प्रयत्न केला, जमेल तेवढा. "कमळे, या अख्ख्या गावान मना तुजाच आवाज तेवरा आयकू येतो. माज्या पोरीच्या हळदीन मी धवला नको आयकू?"

 राहीबाईनं सूप परत मांडीवर घेतलं.

संध्याकाळी अंकुर आला तो बाइक लावून थेट फोन काढूनच. "थांब, आता बघतो कोण आहे ते." घरात सगळ्या बायका एकदम हसल्या आणि रुतिकानं त्याच्या हातातून फोन काढून घेतला. त्याला कारण सांगायला कुणी मोकळं नव्हतं. रुतिकाची बॅग पुन्हा कपाटावर गेली होती, हेही त्याला दोन दिवसांनी कळलं.

रुतिकानं त्या आठवड्यात दोन कामं केली. एक, दोघींना घेऊन वाशीला कानाच्या डॉक्टरांकडे गेली. रिक्षात दोघी एकमेकींशी बोलत होत्या, आणि रिक्षावाल्यानं दोनदा मागे वळून विचारलं, "भांडण आहे का ताई?" दुसरं, तिनं घरचं वायफाय आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळं केलं. कमळीला समजावलं, "काकी, बिनधास्त वापरा. फक्त कुणाला सांगायचं नसेल असं काही बघायचं असलं, तर नाक्यावर जाऊन आपल्या फोनच्या नेटवर बघा. पाहुण्यांच्या नेटवरचंही घरवाल्यांना कळू शकतं." घरच्या वायफायला लांबलचक, अवघड पासवर्ड ठेवला. देवीचं नाव नाही, कुणाच्या बारशाची तारीख नाही. आणि गोजराला बजावलं, "आई, हा फक्त घरातल्यांसाठी."

गोजराच्या हिशेबी कमळी घरातलीच. दुपारी ती गच्चीत उभी राहिली, कमळी ओट्यावर आली, आणि गोजरानं तो पासवर्ड एकेक अक्षर करून तिला सांगितला. कमळीनं एकेक अक्षर तितक्याच जोरात परत म्हणून खात्री करून घेतली. तिसऱ्या खेपेला समोरच्या इमारतीतल्या एका भाडेकरूनं खिडकीतून सांगितलं, "काकी, शेवटी तो आकडा राहिला तुमचा." रुतिका तेव्हा ऑफिसात होती. तिला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

हळदीच्या दिवशी मांडवात कमळी नेहमीसारखी बसली. अर्धवट वळून नव्हे, सरळ. डाव्या कानात मशीन होतं, शेंगदाण्याहून थोडं मोठं, आणि ते लपवायला तिनं काही केलं नव्हतं. समोर उन्नती पाटावर बसलेली. तिच्या शेजारी गोजरा, दोन्ही कानांत मशिनं, दागिन्यांसारखी मिरवत. कमळीनं पहिली ओळ म्हटली. मागच्या बायकांनी ती उचलली.

कमळीच्या कपाळावर आठी पडली. कितीतरी दिवसांनी ती मागच्या बायकांना ऐकत होती. राहीबाई एका दिशेनं जात होती, बाकीच्या दुसऱ्या, आणि एक कुणीतरी ओळ संपल्यावरही एकटीच गात होती.

"या अशा गातात?" ती रुतिकाकडे झुकून म्हणाली. "केवापासून?"

"पहिल्यापासून, काकी."

कमळीनं क्षणभर विचार केला. मग हात कानाकडे नेला, मशिनचं छोटं बटण दाबून आवाज उतरवला, अर्धवट वळून बायकांच्या तोंडाकडे बघितलं, आणि ती मिटल्याबरोबर दुसरी ओळ घेतली. सेक्टरपर्यंत ऐकू जाईल अशी.